तिखट खुल्याच्या मागावर

दिलीपच्या खोक्यावर माझं लहानपण छापलेलं होतं.

अलंकारिक बोलायची मला सवय नाही. खरोखरच छापलेलं होतं. माझ्या भाचीनं ते खोकं दुकानात आणून गल्ल्यावर ठेवलं. वर मोठ्या अक्षरात ‘नव्वदीचा खाऊ’, खाली हाफचड्डीतल्या एका पोराचं चित्र, आणि त्याखाली मजकूर: भद्रावतीची शाळा, मधली सुट्टी, फाटकाशी टोपली घेऊन बसलेली एक आजी, आणि तिच्याकडचा तिखट खुला संपला तरी पळसाचं पान चाटत वर्गात जाणारा ‘मी’.

हा ‘मी’ म्हणजे दिलीप. जन्म अकोल्याचा, शाळा अकोल्याची. भद्रावती त्यानं रेल्वेच्या खिडकीतूनसुद्धा नीट पाहिलेली नसणार.

पान चाटत वर्गात जाणारी मी होते. नागपुरात बसस्टँडसमोर आम्ही दोघांनी आलूबोंड्याची गाडी टाकली, तेव्हा दुपारी गिऱ्हाईक नसायचं. एकाच कढईशी उभे राहून आम्ही गप्पा मारायचो. तो पीठ कालवायचा, मी तळायची. तिथंच कधीतरी मी त्याला ही गोष्ट सांगितली. पुढं गाडीचं दुकान झालं, दुकान नावारूपाला आलं, आणि एके दिवशी दिलीप वेगळा होऊन आमच्याच रस्त्यावर समोर दुकान घालून बसला. ते मी गिळलं. कारागीर नेले, तेही गिळलं. पण माझी शाळा आणि माझी आजी? माझ्या हाताखालची परात भिंतीवर आपटली गेली. भाची दोन पावलं मागं सरकली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. खुला म्हणजे आंबोशी, कैरीचे वाळवलेले काप. आमच्या भागात तो वरणात घालतात. पण शाळेच्या फाटकाशी मिळायचा तो वेगळा: काळपट, चिकट, आधी गोड लागणारा, मग आंबट, आणि गिळून झाल्यावर कानाच्या पाळीपर्यंत तिखट. दुकान चालू झाल्यापासून मी तो करून पाहतेय. गूळ बदलला, मिरची बदलली, नाही जमला. दिलीपच्या खोक्यातही एक पुडी होती. फोडून तोंडात टाकली. साखरेचा पाक आणि लिंबूसत्व.

त्याच क्षणी ठरवलं. त्या आजीचं गाव शोधायचं, खरा खुला आणायचा, त्याचं माझं खोकं काढायचं, आणि ते दिलीपच्या दुकानासमोर मांडून लोकांना चाखायला द्यायचं. ही गोष्ट कोणाची, ते लोकांच्या जिभाच सांगतील.

भद्रावती

एप्रिल संपत आला होता. त्या दिवसांत चंद्रपूरकडे कोणी शहाणा माणूस जात नाही. गाडी सुधाकरभाऊंची. ते मूळचे मूल गावचे, पन्नाशीचे, माझा माल गेली अनेक वर्षं तेच पोचवतात. गाडीच्या काचेवर बाबासाहेबांचा फोटो, पायाशी ओल्या फडक्यात गुंडाळलेलं पाण्याचं मडकं.

“ताई, एका खुल्यासाठी येवढ्या उन्हात?” त्यांनी वरोरा ओलांडताना विचारलं.

“एका खुल्यासाठी नाही. एका माणसाची जिरवायला.”

“मग ठीक हाये. तसं काही असलं त ऊन लागत नाई.”

शाळेचं फाटक तेच होतं, रंग तेवढा बदललेला. पण फाटकाबाहेर पाहून मी जागीच थबकले. आमच्या वेळी तिथं बोरकूट होतं, चिचबिलाई, म्हणजे विलायती चिंच, होती, बोटात घालायचे पिवळे पोंगे होते, संत्र्याच्या फोडीसारख्या गोळ्या होत्या. आता वाफाळते मोमो होते आणि चकचकीत पुड्यांच्या माळा लटकलेल्या. उन्हाळी वर्गाची पोरं त्या माळांमधून डोकी काढून पुड्या मागत होती.

एकच जुनी खूण सापडली: कमलबाई. तेव्हा ती टोपलीत बोरकूट विकायची, आता तिची टपरी आहे. केस पांढरे, तोंडात दात मोजके, पण आवाज तोच.

“बोरकूट आहे का, बाई? शाळेत असताना तुझ्याकडचंच खायची मी.”

“बोरकूट आता कोण खाते जी? मलेच चावत नाई. हे घ्या.” तिनं माळेमागून एक खोकं काढलं. “लय चालून राह्यलं. हे पाह्य, आपल्याच शाळेचं लिहून हाये याच्यात.”

दिलीपचं खोकं!

“हे खोटं आहे,” मी ओरडले. “हा माणूस इथं शिकलाच नाही!”

“येवढ्या गरम काऊन होता?” कमलबाई शांतपणे म्हणाली. “आला होता तो मागच्या उन्हाळ्यात. फाटकाचे फोटू काढले, माह्ये काढले. चांगला बोलत होता. म्हणे, मावशे, तुह्या हातचं बोरकूट खाऊन मोठा झालो.”

“आणि तू मान डोलावलीस?”

“किती लेकरं आली न गेली. मी का सगळ्याइचे तोंडं ध्यानात ठेवू? तू खायची म्हणतेस, तुह्यं तरी तोंड कुठी ध्यानात हाये मले?”

इतकी वर्षं मनात धरून ठेवलेली बाई, आणि तिच्या लेखी मी आणि दिलीप एकाच मापाचे.

खुल्यावाल्या म्हातारीची माहिती मात्र तिच्याकडे होती. नाव रैनीबाई. तिचा जावई इथल्या कोळशाच्या खाणीत होता, कमलबाईच्या नवऱ्याच्याच पाळीत. म्हणून ती उन्हाळा सरताना लेकीकडे यायची आणि येताना टोपलीभर खुला आणायची. गाव पार खाली, एटापल्लीच्याही पुढं, जंगलात. कमलबाईनं नाव सांगितलं आणि वर सहज जोडलं, “त्यानंही इचारलं होतं. त्यालेही सांगतलं म्या.”

म्हणजे दिलीप तिथंही माझ्याआधी पोचला होता.

मूल

सुधाकरभाऊंची बहीण मूलला राहते. दुपारी तिच्याकडे थांबलो. धानाचा भाग. राईस मिलच्या कोंड्याचा वास गल्लीभर असतो. जेवायला गार आंबील, भात, वाळल्या झिंग्यांची चटणी आणि कांदा. नागपुरात पाहुणा आला की आम्ही तेलाचा डबा उपडा करतो. इथं तिनं उलट विचारलं, “एवढ्या तापात तेलाचं खाऊ घालू, तुमच्याशी काही वैर हाये का माह्यं?” मी दोन वेळा आंबील मागून घेतली.

जवळच्या भट्टीत गरम वाळूत मुरमुरे फुटत होते. भट्टीच्या दारातल्या दुकानात मला जुने पोंगे दिसले, काचेच्या बरणीत, मोकळे. मी हरखले. दुकानदाराशी रीतसर घासाघीस केली, तो वैतागून म्हणाला, “न्या बाई, फुकट न्या, पण डोकं नका खाऊ,” तेव्हाच थांबले. दाही बोटांत पोंगे चढवले आणि पहिल्या बोटाचा खाल्ला.

काहीच चव नव्हती.

दुसरा खाल्ला. नुसतं वारं. तेलही शिळं नव्हतं, मीठही होतं. भाऊंच्या बहिणीनं एक तोडून पाहिला आणि म्हणाली, “असाच तर लागायचा जी.” मी बोटांकडे पाहत उभी राहिले. इतकी वर्षं ज्याची आठवण काढली, त्याला चव कधी नव्हतीच. बोटात घालायची मजा होती, तिलाच आपण चव समजत आलो. मग मनात आलं: खुलाही असाच निघाला तर?

सुधाकरभाऊंनी उरलेले पोंगे माझ्या बोटांतून एकेक काढून खाल्ले. “फेकायचे कायले?” म्हणाले.

आलापल्लीच्या खाली

गडचिरोली, चामोर्शी, आष्टी. आलापल्लीच्या पुढं सागाचं जंगल लागलं, पानं झडलेलं, उभंच्या उभं उघडं. मी सावलीच्या आशेनं आले होते. सावली रस्त्यावर पडत होती ती खनिजाच्या ट्रकांची. एकामागं एक, लाल धुरळा उडवत. सुधाकरभाऊ काच वर करून घामाघूम होऊन चालवत राहिले. मधेच मोहाची झाडं यायची, बुंध्याभोवतीचा पाचोळा जाळून जमीन साफ केलेली, फुलं वेचता यावीत म्हणून. झाड जंगलात असलं तरी कोणतं कोणत्या घरचं ते ठरलेलं असतं, दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी वाकत नाही, असं भाऊ सांगत होते. मी अर्धवट ऐकलं. तेव्हा नीट ऐकलं असतं तर पुढचं टळलं असतं.

ज्या गावी पोचलो त्याचं नाव मी लिहीत नाही. कारण वाचणाऱ्याला आपोआप कळेल.

रैनीबाईच्या अंगणात

माडिया लोकांचं गाव. शेणानं सारवलेली लखलखीत अंगणं, कुडाच्या भिंती, घरांमध्ये ऐसपैस अंतर. नागपुरात शेजारच्याचा टीव्ही आपल्या घरात ऐकू येतो. इथं शेजारच्या घरी जायचं तर चप्पल घालावी लागते.

रैनीबाई अंगणात मोहफुलं पसरत होती. वाकलेली, कपाळावर जुनं गोंदण. पाहताक्षणी ओळखलं मी. तिनं मला ओळखलं नाही, पण आता मला त्याचा धक्का बसायचा राहिला नव्हता. “जोहार,” ती म्हणाली, आणि सुनेला हाक मारली. सून सुमन, अंगणवाडीत सेविका. मराठी स्वच्छ बोलते.

पानाच्या द्रोणात पाणी आलं. मी आल्याचं कारण सांगितलं. रैनीबाई आत गेली आणि एक मडकं घेऊन आली. त्यात मोहाच्या फुलांची आटवलेली राब होती, मधासारखी दाट. बोट बुडवून चाटलं आणि मी खालीच बसले. तो पहिला गोडवा! मी आयुष्यभर गूळ बदलत बसले होते, आणि खुल्यात गूळ नव्हताच. म्हणजे माझी जीभ खोटं बोलत नव्हती.

“खुला कुठं आहे?” मी विचारलं.

“नाही,” रैनीबाई म्हणाली.

“संपला?”

“मागच्या साली केलाच नाही.”

“मग आता करा. मी सगळा घेते.”

“आता नाही. पंडुम झाल्यावर. तेव्हाही जमलं तर.”

सुमननं समजावलं. मरका पंडुम, आंब्याचा सण. गावानं एकत्र पूजा करून नवा आंबा देवाला दिला की मग माणसांनी तोडायचा आणि खायचा. दोन दिवसांवर आला होता. तोवर कैरीला कोणी हात लावत नाही.

आता माझं ऐका. मी आयुष्य बाजारात काढलंय. ‘माल नाही’ म्हणणारा भाव वाढवत असतो, ‘दोन दिवसांनी या’ म्हणणाऱ्याकडे दुसरं गिऱ्हाईक असतं, हे मला आईच्या दुधासारखं पाजलं गेलंय. आणि दुसरं गिऱ्हाईक कोण, तेही मला माहीत होतं. मी माझं शस्त्र काढलं: गिऱ्हाइकाची बेफिकिरी.

“ठीक आहे,” मी म्हणाले. “पण आधी माल पाहू द्या. या झाडाला तो आंबटपणा आहे की नाही, कुणास ठाऊक.”

अंगणाच्या कडेला कैऱ्यांनी लगडलेलं झाड होतं. खाली वाऱ्यानं पडलेली एक कैरी. मी ती उचलली, पदराला पुसली आणि कचकन चावा घेतला.

सुमनच्या हातातलं सूप खाली पडलं.

“बाई, थुंका! थुंका थुंका!”

पलीकडच्या अंगणातली माणसं उभी राहिली. कोणी ओरडलं नाही, कोणी धावून आलं नाही. सगळे नुसते माझ्याकडे पाहत होते, आणि मग माझ्याकडून नजर काढून रैनीबाईकडे. म्हातारी खाली बसली होती, दोन्ही हात डोक्यावर. तोंडातला घास मला गिळता येईना आणि थुंकताही येईना.

“ताई,” सुधाकरभाऊ हलक्या आवाजात म्हणाले, “मी रस्त्यात काय सांगून राह्यलो होतो?”

गायत्यासमोर

गावाची पूजा करतो त्याला गायता म्हणतात. लालसू नावाचा, सडपातळ, माझ्याच वयाचा. तो आला आणि झाडाखाली बसला. तो माडियात बोलायचा, सुमन मराठीत सांगायची.

चूक पाहुण्यानं केली तरी ती त्या घराची. ती निस्तरल्याशिवाय त्या घरचे आंबे पंडुमात देवापुढं ठेवता येत नाहीत. आणि देवापुढं गेले नाहीत तर वर्षभर त्या घरानं आंबा तोंडात घालायचा नाही. झाडावर पिकून गळाले तरी नाही.

“निस्तरायचं कसं?” मी पर्स उघडत विचारलं.

लालसूनं पर्सकडे पाहिलंसुद्धा नाही. ज्यानं खाल्लं त्यानं स्वतः पंडुमाला उभं राहून कोंबडा द्यायचा आणि देवाला सांगायचं की मी खाल्लं.

“देते,” मी म्हणाले. “एक कोंबडा ना?”

लालसू काहीतरी बोलला, सुमननं ते सांगायला वेळ घेतला.

“दोन लागतील, बाई. मागच्या उन्हाळ्यातला एक राहिलाय.”

मग तिनं सगळं सांगितलं. मागच्या उन्हाळ्यात नागपूरचा एक माणूस कॅमेरावाल्याला घेऊन आला. गोड बोलला, रैनीबाईच्या पाया पडला, तिला ‘माझी आजी’ म्हणाला. पंडुम व्हायचा होता. याच झाडाची कैरी त्यानं काठीनं पाडली आणि कॅमेऱ्याकडे पाहून चावा घेतला. लोकांनी सांगितलं तेव्हा हसला. कोंबड्यासाठी थांब म्हणाले तर खाटेवर नोटा ठेवून गाडीत बसून निघून गेला.

“नोटा?”

सुमननं कुडाच्या भिंतीकडे बोट दाखवलं. छपराजवळच्या फटीत नोटांची वळी खोचलेली होती. कडा उंदरांनी कुरतडलेल्या. वर्षभरात कोणी हात लावला नव्हता.

“म्हणजे या वर्षभरात...” मी रैनीबाईकडे वळले.

“खाल्ला नाही,” म्हातारी म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. “नातवंडं रडत होती. सगळ्यांच्या घरी आंबा. आमचा गळून गेला. डुकरांनी खाल्ला.”

तर हे होतं. ‘मागच्या साली केलाच नाही.’ दिलीपनं तिची गोष्ट विकली, आणि जी गोष्ट विकली ती तिच्याच घरातून नाहीशी केली. आणि आज मी त्याच झाडाखाली, तीच कैरी, तोच चावा. फरक एवढाच की माझ्याबरोबर कॅमेरा नव्हता.

दिलीपवरचा राग माझ्या डोक्यात इतका चढला की झाड गरगरलं. आणि राग आला की मी सौद्याला बसते.

“माझा कोंबडा मी देते,” मी म्हणाले. “त्याचाही देते. दोन काय, चार आणते, पण या बाईला मोकळं करा.”

लालसूनं मान हलवली. ज्यानं खाल्लं त्यानंच द्यायचा.

“तो येणार नाही! मी ओळखते त्याला. तो जन्मात येणार नाही.”

“मग त्याच्या घरचं कोणी आलं पाहिजे.”

“त्याचं घर अकोल्याला आहे. कोणाला आणू?”

“घरचं म्हणजे,” सुमन लालसूचं ऐकत ऐकत म्हणाली, “ज्यानं त्याच्यासोबत एका चुलीवरचं खाल्लंय ते. तसं माणूस उभं राहिलं तर चालतं. पण देवासमोर मोठ्यानं सांगावं लागतं, की तो आमच्या चुलीवरचा माणूस आहे.”

सुधाकरभाऊ आभाळाकडे पाहू लागले. त्यांना आमची कढई माहीत होती. तिच्यातला उरलेला शेवटचा बोंडा अर्धा अर्धा करून आम्ही रोज दुपारी जेवायचो, तेही त्यांनी पाहिलं होतं.

“नाही,” मी म्हणाले. “ते सोडून काहीही सांगा.”

आणि मी घासाघीस केली. लाज वाटते पण सांगते, मनापासून केली. नाव न घेता ‘तो माणूस’ म्हटलं तर? ‘एके काळी होता’ असं म्हटलं तर? मनात म्हटलं तर? लालसू प्रत्येक वेळी शांतपणे ऐकून घ्यायचा, विचार करायचा आणि मान हलवायचा. आयुष्यात इतक्या व्यापाऱ्यांशी बोलले, असा एकही भेटला नव्हता. त्याला माझ्याकडून काहीच नको होतं, म्हणून त्याला कुठंच ओढता येत नव्हतं.

शेवटी रैनीबाई उठली. माझ्यासमोर येऊन म्हणाली, “तुला नाही जमत तर राहू दे. आणखी एक साल जाईल.” आणि मला आणखी पाणी आणायला आत गेली.

पंडुम

दोन दिवस आम्ही तिथंच राहिलो. मला वाटलं होतं, लोक तोंड फिरवतील. पण जेवायला रोज वेगळ्या घरून बोलावणं आलं. एका घरी भाताची पेज, एका घरी कुळथाची डाळ, एका घरी लाल मुंग्यांची चटणी, जिच्या आंबटपणानं मी इतकी दचकले की पोरंबाळं खिदळली. चूक चुकीच्या जागी, जेवण जेवणाच्या. आमच्याकडे समोरासमोरच्या दुकानांत एकमेकांच्या घरच्या लग्नाची पत्रिकासुद्धा जात नाही.

पंडुमाच्या सकाळी गावाबाहेरच्या झाडाखाली सगळे जमले. घराघरातून टोपल्या आल्या. रैनीबाईची टोपली वेगळी, बाजूला, कापडानं झाकलेली. सुमनच्या धाकट्या लेकीची नजर त्या कापडावरून हलत नव्हती.

सुधाकरभाऊंनी बाजाराच्या गावाहून दोन कोंबडे आणले होते. पहिला माझा. मी देवासमोर उभी राहिले आणि म्हणाले, “मी मंगला. मी पंडुमाआधी कैरी खाल्ली.” सोपं होतं.

दुसरा कोंबडा माझ्या हातात दिला गेला. तो गप्प होता, ऊब हाताला लागत होती. सगळं गाव थांबलेलं. समोरच्या दुकानाची पाटी डोळ्यांपुढं आली, खोक्यावरचं ते हाफचड्डीतलं पोर आलं. मग ती झाकलेली टोपली दिसली.

“दिलीपनं कैरी खाल्ली,” मी म्हणाले. “तो...”

लालसू वाट पाहत होता.

“तो आमच्या चुलीवरचा माणूस आहे.”

माझा आवाज मलाच परका वाटला. लालसूनं टोपलीवरचं कापड काढलं आणि ती इतर टोपल्यांच्या रांगेत सरकवली.

पूजा झाल्यावर रैनीबाईनं पहिला काप स्वतः नाही खाल्ला. नातीच्या तोंडात घातला, मग सुनेच्या, मग माझ्या. आणि मग स्वतःच्या. डोळे मिटून बराच वेळ चघळत राहिली. मी खोक्याचा, मालाचा, भावाचा विषय काढणार होते. काढला नाही. दुपारी तिनंच सांगून टाकलं: तिच्या झाडांचा जेवढा होतो तेवढाच खुला ती करते, तो घरात आणि सोयऱ्यांत जातो. विकायला आता भद्रावतीला जायचं पायांत बळ नाही, आणि गाडी दारात आली तरी विकायचा नाही. मी एकदाही “पण” म्हटलं नाही. सुधाकरभाऊंना वाटलं मला ऊन लागलं.

निघताना तिनं भिंतीतली नोटांची वळी काढून माझ्या हातात ठेवली. “हे त्याचे. तू त्याच्या घरची. तू ने.”

नागपूर

पाऊस सुरू व्हायच्या आधी सुधाकरभाऊ तिकडे एक फेरी करून आले. दुकानात शिरले ते पानात बांधलेले दोन पुडे घेऊन.

“म्हातारीनं देल्ले. एक तुमचा.”

“आणि दुसरा?”

“तुमच्या माणसाचा म्हणे.”

माझा मी तिथंच उभ्याउभ्या उघडला. काळपट, चिकट. गोड, आंबट, आणि मग कानाच्या पाळीपर्यंत तो जाळ. पोंग्यांसारखं झालं नाही. मी पानसुद्धा चाटलं, गिऱ्हाइकासमोर.

दुसरा पुडा फळीवर ठेवला. खाल्ला नाही, कारण तो माझा नव्हता. दिला नाही, कारण तो त्याचा होता. काही दिवस तो फळीवरून माझ्याकडे पाहत राहिला. मग एका दुपारी, गिऱ्हाईक नसतं त्या वेळी, मी तो पुडा आणि कुरतडलेल्या नोटा घेतल्या आणि रस्ता ओलांडला. दुकान वेगळं झाल्यापासून पहिल्यांदा.

दिलीप गल्ल्यावर होता. मागं खोक्यांची उतरंड, प्रत्येकावर तेच पोर आणि तोच तिखट खुल्याचा मजकूर. मला पाहून तो उठूनच उभा राहिला. मी नोटा ठेवल्या, पुडा सोडला, त्याच्यापुढं सरकवला. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एक तुकडा उचलून तोंडात टाकला आणि चावायचा थांबला. डोळ्यांत पाणी आलं, तिखटानं असेल.

“मंगला,” तो म्हणाला, “हे काय आहे गं?”